पट्ट्याच्या वर

"सर, आता सोडायला शिवणीत कापडच उरलं नाही."

शिंप्याने माझी पँट उलटी केली, कंबरेची शिवण अंगठ्याने चाचपली आणि कोर्टात साक्ष द्यावी तशा आवाजात निकाल सांगितला. शेवगावसारख्या गावात आयुष्यभर मास्तरकी केल्याचा हा एक तोटा. शिंपी, किराणावाला, एसटीचा कंडक्टर, सगळे कधी ना कधी आपल्या वर्गात बसून गेलेले असतात. त्यामुळे ते आपल्याशी आदराने बोलतात आणि खरं बोलतात. मी म्हटलं, "बघ ना, कुठे अर्धा इंच निघतोय का." त्याने टेप माझ्याभोवती फिरवली. एकदा पट्ट्याच्या रेषेवर, मग दोन बोटं वर. "सर, पट्ट्यापाशी माप जवळपास तेच आहे. वाढलंय ते पट्ट्याच्या वर. तिथं मी काय करणार?"

मी हसलो. सरांनी मनाला लावून घेतलं नाही, एवढंच त्याला वाटलं असेल. पण नेमकं हेच वाक्य मी दीड वर्षापूर्वी अमेरिकेत, कोलोरॅडोमध्ये, भाच्याच्या गॅरेजमध्ये ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल नव्हतं. बंदुकीच्या एका रिकाम्या पुंगळीबद्दल होतं.

पुंगळी हा शब्द आपल्याला पेपरामुळे पाठ. 'घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या आढळल्या.' काडतूस उडाल्यावर गोळी पुढे जाते, दारू जळून जाते, आणि मागे पितळेची जी नळी उरते ती पुंगळी. काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला म्हणतात. आला तो इतका रुळला की काही वर्षांपूर्वी राज्याच्या राजकारणात 'फडतूस'ला यमक म्हणून तोच कामी आला.

भाचा शेवगावात असताना त्याला बोरीवर दगड मारून बोर पाडता येत नव्हतं. संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेला, शेजाऱ्याच्या नादाने डोंगरात हिंडू लागला, आणि आता वर्षातून एकदा रीतसर परवाना काढून एल्कच्या मागे जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. माझ्या बहिणीला यातलं फक्त 'डोंगरात हिंडतो' एवढंच ठाऊक आहे. ती चातुर्मास पाळते, तेव्हा तिला पुढचं न सांगण्यात माझाही वाटा आहे.

तर हा मुलगा स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. तिकडे हा घरगुती छंद आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया करतात तसा. गॅरेजमध्ये बाकावर एक दाबयंत्र, बारीक तराजू, डबेच डबे. मी घाबरत घाबरत स्टुलावर बसलो तेव्हा त्याने मला समजावलं, "मामा, काडतुसात सगळ्यात महाग काय, तर ही पुंगळी. बाकीचं एकदाच वापरायचं. ही मात्र पुन्हा पुन्हा. लोणचं संपलं म्हणून तू बरणी टाकतोस का?"

बरणीचा मुद्दा पटला. पण बरणी लोणचं घालून फुगत नाही, पुंगळी फुगते. बार उडतो त्या क्षणी आत जो दाब होतो तो त्याच्या बंदुकीत चौरस इंचाला चौसष्ट हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या चाकातल्या हवेची दोन हजार पट. त्या दाबाने पितळ फुगतं, नळीच्या मागच्या कोठडीला सगळीकडून चिकटतं आणि वायूला मागे यायची वाट बंद करतं. दाब सरला की ते थोडं आत येतं, पण पहिल्या मापावर परतत नाही. म्हणून पुन्हा भरण्याआधी तिला पोलादी साच्यात दाबून मापात आणावं लागतं. या कामाला तिकडे रिसायझिंग म्हणतात. मी मनात त्याचं भाषांतर 'कंबर घेणे' असं केलं. तेव्हा ते फक्त भाषांतर होतं.

साच्यात घालण्याआधी त्याने पुंगळीला काहीतरी चोळलं. वास आला आणि मी थेट शेवगावात. लहानपणी पावसात अंगावर घेतलेली घोंगडी, धनगरवाड्याच्या बाजूने येणारा ओल्या लोकरीचा वास. विचारलं तर म्हणाला, लॅनोलिन आहे. म्हणजे मेंढीच्या लोकरीतलंच मेण. आपल्याकडे मेंढरं रस्त्यावरून जातात तेव्हा एसटी दहा मिनिटं उभी राहते आणि आपण चरफडतो. तेच मेण तिकडे डबीत घालून विकतात. ते न लावता पुंगळी साच्यात घातली तर ती अशी अडकते की शेवटी तिला भोक पाडून, स्क्रू घालून ओढून काढावी लागते.

हे दृश्यही मला नवं नव्हतं. आईला बांगड्या भरणारी कासारीण मला आठवली. "हात सैल सोडा वहिनी, सैल," म्हणत ती आईचा पंजा असा काही दाबायची की चार बोटांची तीन व्हायची, आणि मग साबणाचं पाणी लावलेली बांगडी हाडावरून सुर्रकन मनगटात. तिचं घर कासाराचं, म्हणजे पितळेची भांडी आणि बांगड्या दोन्ही त्यांचेच धंदे. या दोन धंद्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कोडं मला पन्नास वर्षं सुटलं नव्हतं. गॅरेजमध्ये वाटलं, संबंध साधा असेल. मापात न बसणारी गोष्ट न मोडता मापात बसवायची.

आता पट्ट्याकडे येतो.

भाच्याच्या हातातली पुंगळी साधी नव्हती, पट्टेवाली होती. बुडाशी, कडेच्या जरा वर, पितळेचाच एक उठावदार पट्टा. नऊवारीवर कंबरपट्टा घातलेल्या बाईसारखी ती उभी होती. या पट्ट्याचं घराणं लंडनचं. हॉलंड अँड हॉलंड या बंदुकवाल्यांनी १९०५च्या सुमारास असं काडतूस काढलं, आणि १९१२मध्ये आलेल्या त्यांच्या 'थ्री सेव्हंटी फाइव्ह मॅग्नम'ने तो पट्टा जगभर गाजवला. आफ्रिकेतले हत्ती, हिंदुस्थानातले गवे आणि त्यांच्यामागे लागलेले साहेब आणि संस्थानिक, असा त्याचा गोतावळा.

पट्टा कशासाठी? काडतूस कोठडीत किती आत जाऊन थांबायचं, हे कशाने तरी ठरावं लागतं. जुन्या काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कडा असे, तिच्यावर ती थांबत. पण मॅगझिनमध्ये एकावर एक रचली की या कडा एकमेकींत अडकतात. म्हणून कडा काढली. मग साधारण काडतूस खांद्यावर टेकून थांबतं, जिथे रुंद अंग संपून मान सुरू होते तिथे. त्या लंडनवाल्या बाईंचा खांदा मात्र लांब उतरता, पाणी न ठरणाऱ्या छपरासारखा. त्यावर टेकण्याचा भरवसा नाही. तेव्हा थांबण्यासाठी कंबरेला पट्टा बांधला.

इथवर सगळं शहाणपणाचं. पुढे काय झालं ते अगदी माणसासारखं आहे. १९६२मध्ये रेमिंग्टनने सात मिलिमीटरचं मॅग्नम काढलं, १९६३मध्ये विंचेस्टरने 'थ्री हंड्रेड' काढलं. भाच्याकडे आहे ते हेच. या काडतुसांना चांगला ठसठशीत खांदा आहे, त्यांना पट्ट्याची गरज नाही. तरी पट्टा ठेवला. का, तर तोवर लोकांच्या मनात पट्टा म्हणजे जोर असं बसलं होतं. निवडून येऊन वीस वर्षं झालेल्या, पुढे पडलेल्या माणसाला गाव जसं 'माजी' न लावता सरपंचच म्हणत राहतं, तसं.

आणि याच शोभेच्या पट्ट्याने सगळा घोळ घातला आहे. पुंगळी साच्यात घातली की साचा पट्ट्याशी येऊन थांबतो. त्याला पट्टा ओलांडता येत नाही, पट्ट्याच्या अगदी लगत पोचताही येत नाही. त्यामुळे मान मापात येते, खांदा येतो, अंग येतं, आणि पट्ट्याच्या थेट वर एक बारीकशी वळी तशीच फुगलेली राहते. दोनचार वेळा बार झाला की ती एवढी वाढते की काडतूस कोठडीत शिरताना अडतं. भाचा पुंगळी दिव्यापुढे फिरवत म्हणाला, "बघ मामा, बाकी सगळं मापात. वाढलंय ते फक्त पट्ट्याच्या वर."

मी पोट आत घेतलं. सवयीने.

त्यावर उपाय म्हणून तिकडे एक वेगळंच अवजार आहे. चिरलेली पोलादी कडी. ती पुंगळीवर ओवायची, खाली पट्ट्यावर टेकवायची, आणि वरून दाब दिला की ती आवळते ती नेमकी त्या फुगवट्यावर. बाकी अंगाला हात लावत नाही. असं काही माणसांसाठी निघालं तर अख्ख्या महाराष्ट्रातले निवृत्त मुख्याध्यापक रांगेत उभे राहतील.

पण मला सगळ्यात आवडली ती वाकवलेली तार. भाच्याने एक पेपरक्लिप सरळ केली, टोकाला छोटा आकडा काढला, पुंगळीच्या तोंडातून आत घातली आणि आतल्या भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढली. डोळे मिटून. आमच्याकडचे वैद्य नाडी बघत तसा. बुडाच्या जरा वर तार कुठे अडखळते का, ते तो बघत होता. अडखळली तर आत खाच पडलीय, पितळ तिथे पातळ झालंय, आणि पुढच्या एखाद्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होणार. बाहेरून त्याच जागी कधी कधी एक चकचकीत वळं दिसतं. दिसायला सुंदर, अर्थ वाईट.

हे कशाने होतं, तर अति मापात आणल्याने. नवं काडतूस पट्ट्यावर थांबतं, म्हणून खांद्यापाशी कोठडी जरा ऐसपैसच ठेवलेली असते. पहिल्या बाराला पितळ पुढे ताणून ती जागा भरून काढतं. आता पुस्तकातल्या मापाचा आग्रह धरून साच्याने तो खांदा पार मागे ढकलला, की पुढच्या बाराला पुन्हा ताण. पुन्हा मागे, पुन्हा ताण. लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडतो आपण, तसं. जाणते लोक तसं करत नाहीत. ते पट्टा विसरतात, खांद्याला प्रमाण मानतात, आणि पुंगळी ज्या बंदुकीत उडाली तिच्याच कोठडीच्या मापाने बेतात. खांदा फक्त एक-दोन हजारांश इंच मागे, बंदुकीचा बोल्ट बंद होण्यापुरता. "कारखान्याच्या मापाला आणत बसलं तर चार वेळांत फुटते, मामा. घरच्या मापाला आणली तर पुष्कळ टिकते." हे सांगणारा मुलगा दहावीला भूमितीत काठावर पास झाला होता, आणि ती भूमिती मी शिकवली होती.

गॅरेजच्या कोपऱ्यात त्याचा गॅसचा टॉर्च होता. पाचसहा बारांनंतर पुंगळ्यांच्या माना तो त्यावर धरतो. ठोकून, दाबून पितळ कडक होत जातं, ठिसूळ होतं, मान चिरते. तापवलं की मऊ होतं. इथे मात्र मी त्याला शिकवलं. म्हटलं, हे मला शेवगावच्या आठवडे बाजारात एका तांबटाने सांगितलंय. आमच्या पितळी हंड्याला पोचा पडला होता. आईने तो माझ्या डोक्यावर देऊन पाठवला. तांबटाने हंडा भट्टीवर धरला, लालसर होऊ दिला आणि सरळ पाण्यात बुडवला. मी म्हटलं, "आता कडक होईल ना? लोहाराकडे कोयता असाच पाण्यात घालतात." तो हसला. "ते लोखंड. त्याला तापवून बुडवलं की ते ताठतं. पितळ तापलं की नरम येतं, बुडवा नाहीतर राहू द्या." मग लाकडी हातोड्याने आतून पोचा काढला आणि वरून बारीक ठोके दिले. ते मठारणं शोभेचं वाटलं होतं मला. ते पितळ पुन्हा घट्ट करणं होतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलात तर तो आवाज अजून ऐकू येतो. भाच्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि इंटरनेटवर खात्री करून घेतली. हरकत नाही. मीच वर्गात शिकवलं होतं, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका.

पितळ म्हटलं की आपल्या भाषेत ते 'उघडं पडतं'. कल्हई गेली, भपका उतरला, की आत पितळ. मराठीने या धातूवर जरा अन्यायच केला आहे. पुंगळीच्या पितळेत सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असतं. एवढ्या भांडवलावर ते क्षणभर फुगतं, चिकटतं, परत आत येतं, हे काम सोन्याला झेपणार नाही. त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते सापडलं आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी पलटणींच्या लक्षात आलं की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप चिरतात. कोणी हात लावलेला नाही, बार उडालेला नाही, तरी उभी चीर. ऋतूत चिरतात म्हणून त्याला नावही 'ऋतूची चीर' अशा अर्थाचं पडलं. उलगडा झाला १९२१मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवलं की दोष पावसाचा नव्हता, अमोनियाचा होता. दारूगोळा ठेवला होता तबेल्यात, आणि तबेल्यात घोडे मुतत होते. घडवताना पितळेत राहून गेलेला ताण आणि हवेतला अमोनिया, दोन्ही एकत्र आले की चीर. उपाय तांबटाचाच निघाला. आधी हलकं तापवून ताण घालवा, मग साठवा.

आपल्या मुलखाचं या धातूशी नातं जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. नगर तर रणगाड्यांचंच गाव. शेवगावहून नगरला जाणाऱ्या एसटीत कुणी ना कुणी रजेवरून परतणारा जवान असतोच. नगरजवळ खारे कर्जुनेच्या बाजूला लष्कराचा सराव चालतो, त्या हद्दीतलं पितळेचं भंगार गोळा करायला जाऊन माणसं जिवानिशी गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. गॅरेजमध्ये बसून ज्याला मी कंबरपट्टा म्हणत होतो, त्याची ही दुसरी बाजू आहे आणि ती गमतीची नाही. तसलं काही दिसलं तर हात लावू नये, पोलिसांना सांगावं.

शेवगावच्या पंचक्रोशीत पट्टेवाल्या मॅग्नमला काम कधीच नव्हतं. इथे ना हत्ती, ना गवा. उत्तरेला नाथसागराचं पाणी, मध्ये कापूस आणि ऊस, आणि आव्हाण्याला गणपती आहे तोही निद्रिस्त. जुन्या वाड्यांतून एखादी ठासणीची बंदूक, एखादी बाराबोअर. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपवली, ती बरीच झाली. रेहेकुरीला काळविटं उड्या मारताना दिसतात ती त्यामुळे. आता परवानाधारकाची बंदूक बाहेर निघते ती मुख्यतः निवडणुकीच्या आधी, ठाण्यात जमा करण्यासाठी. घरी काडतूस भरण्याचा प्रश्नच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला पदक आणलं, ती बंदूक पॉइंट टू टूची. तिच्या पुंगळ्या पुन्हा भरताच येत नाहीत, कारण पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोडा पडतो तो त्या कडेवरच.

परत निघताना भाचा म्हणाला, "मामा, एक पुंगळी ने आठवण म्हणून. रिकामीच तर आहे." मी दोन मिनिटं मोहात पडलो. टेबलावर पेन ठेवायला बरी दिसली असती. मग विमानतळावर माझी बॅग उघडलेली, आणि मी साध्या इंग्रजीत 'ही बरणी आहे, लोणचं नाही' असं समजावतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं. पुंगळी तिथेच ठेवली. त्याऐवजी मेणाची डबी मागून आणली. बहिणीला सांगितलं, टाचांच्या भेगांना चांगली आहे. खरंच चांगली आहे.

तर त्या दिवशी शिंप्याच्या दुकानात मी त्याला हे सगळं सांगितलं. पट्टा, खांदा, फुगवटा, घरचं माप. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने ऐकून घेतलं. माझी अपेक्षा होती की तो थक्क होईल. तो टेप गळ्यात अडकवत म्हणाला, "म्हणजे सर, तुमचा भाचा जे पितळेला करतो तेच मी तुम्हाला गेली बारा वर्षं सांगतोय. तुम्ही दरवेळी लग्नातल्या मापाची पँट आणता आणि म्हणता, हिच्यात बसव. कापड ताणतंय, शिवण उसवतेय, पुन्हा शिवतोय. आज आहे त्या मापाची एक नवी शिवून घ्या की!"

मी खांद्यापासून माप दिलं. तो म्हणाला, पँटला खांदा लागत नाही.

पँट शुक्रवारी मिळाली. कंबर दोन बोटं वर घेतलेली, साडेतीन इंच जास्त. पट्टाही नवा घ्यावा लागला. जुन्याला भोक पाडायला जागा उरली नव्हती.